फरशीवरचा अडुळसा

॥ श्री ॥

आरमोरी, जिल्हा चांदा
ता. ९ फेब्रुवारी १९५४

तीर्थरूप लटारूभाऊंच्या सेवेशी,
धाकटी बहीण गोकुळा हिचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही पत्र फोडाल की तसंच वहिनीच्या हाती द्याल, ठाऊक नाही. सहा वर्षांत मी तुम्हाला लिहिलं नाही, तुम्ही मला लिहिलं नाही. मी नागपूरला नर्सबाईचं शिक्षण घ्यायला निघाले, त्या दिवशी तुम्ही काय बोललात ते आज काढत नाही. आज काम आहे. आणि ते काम अख्ख्या चांदा जिल्ह्यात तुमच्याशिवाय दुसऱ्या माळ्याला जमायचं नाही, म्हणून लिहिते.

मी पौषापासून इथल्या प्रसूतिकेंद्रावर आहे. केंद्र म्हणजे एक बंद पडलेली धानगिरणी. मालक गुणवंतराव यांनी ती बायाबापड्यांसाठी मोकळी करून दिली, ही त्यांची मोठी गोष्ट. तीन खोल्या, पडवी, आणि पडवीपुढे उकडलेला धान वाळवायची दगडी फरशी, चाळीस हात लांब नि तेवढीच रुंद. फरशी संपते तिथे बाजाररस्ता, रस्त्यापलीकडे बिरजूभाऊंचं चहाचं हॉटेल. हॉटेलच्या बाकावर सकाळपासून माणसं बसलेली, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर सरळ माझी पडवी. मधे काडीचा आडोसा नाही. जी येईल तिनं भरल्या पोटानं ती उघडी फरशी ओलांडायची.

बाया येतात, भाऊ. कोपऱ्यापर्यंत येतात. पदर ओढून उभ्या राहतात आणि माघारी फिरतात. मागच्या बाजारच्या दिवशी जवळच्या खेड्यातली गिरजा नावाची पहिलटकरीण सासूच्या खांद्यावर हात टाकून आली. कळा सुरू होत्या. बाकावर तिचे सासरे बसलेले. तिनं त्यांना पाहिलं आणि वळली. मी हाका मारत रस्त्यापर्यंत धावले, पण ती थांबली नाही. दुसऱ्या दिवशी कळलं, मूल गेलं. बाई वाचली.

तिसऱ्या दिवशी मासेमार ढिवरांच्या मोहल्ल्यातल्या रुखमाबाई आल्या. गावची जुनी सुईण. गिरजाचं बाळंतपण त्यांनीच केलं होतं. मला वाटलं, भांडायला आल्या. त्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, की बाई, पोरगं आडवं होतं, माह्या हाताले नाई जमलं, तुह्या हाताले जमलं असतं. तीस वर्षं गावाची बाळंतपणं केलेल्या बाईनं हे आपणहून येऊन सांगावं! मी त्यांच्या पाया पडले.

बांबूचे तट्टे लावून पाहिले. पहिले वाऱ्यानं नेले, दुसरे बाजारच्या बैलांनी पाडले, आणि उभे होते तोवर फटींतून डोकावणाऱ्यांची चंगळ झाली. भिंतीला पाया लागतो. पायासाठी फरशी उखडावी लागते, आणि गुणवंतराव म्हणतात, वडिलांनी बसवलेला एक दगड हलवायचा नाही. वरचे साहेब म्हणतात, पुढल्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत बाया आल्या नाहीत तर केंद्र इथून हलवू.

तर विचारायचं ते हे, की न खणता, दगडावर, हिरवं कुंपण उभं राहील का? बिरजूभाऊ हसतात. दगडावर शेवाळ येते बाई, झाड नाई येत, म्हणतात.

वहिनीला नमस्कार. राग सरला असेल तर दोन ओळी लिहाव्या. सरला नसेल तर झाडांपुरतं लिहावं.

आपली,
गोकुळा

॥ श्री ॥

आलापल्ली
ता. २३ फेब्रुवारी १९५४

चि. गं. भा. गोकुळा हीस लटारूचा आशीर्वाद.

तुही चिठ्ठी भेटली. झाडाचं विचारलं म्हून झाडाचं लिहितो.

त्या हॉटेलवाल्याले सांगजो, का इथी डाकबंगल्याच्या दगडी ओट्यावर मी अठरा वर्सं झाडं लावून राह्यलो. झाडाले जमीन लागते असं लोकाईले वाटते. झाडाले माती लागते, पानी लागते, आन पानी जायाले वाट लागते. मातीच्या खाली काय हाये, हे त्याले कोन सांगते?

फरशी खनू नको. रस्त्याकडच्या कडेनं लांब पोकळ ओटा बांध. दोन हात रुंद, दीड हात उंच. विटा घे नाई तं दगड घे, पन चुना लावू नको, एकावर एक रच. सगळ्यात खालच्या थरात हात-हात अंतरावर भोक ठेव. ही भोकं बुजली तं झाडं नाई लावली, हौद बांधला असं समजजो. तळाले छपराचे फुटके कवेलू टाक, चार बोटं. त्याच्यावर तळ्याचा गाळ दोन टोपल्या, जुनं शेणखत एक, नदीची रेती एक, असं भरत जाय. निस्ता गाळ भरशीन तं उन्हाळ्यात त्याची वीट होईन. आताच भर. उन्हाळाभर वीतभर खाली बसन, मंग आणखी भर.

झाड अडुळसा लाव. मेंदीले कोनी नाव ठेवत नाई, पन तुह्या दारी बाजार भरते. अडुळश्याले गाय तोंड लावत नाई, बकरी लावत नाई, निस्ता खोकल्यावाला मानूस लावते. काड्या मी पाठवीन, मृगाचं पानी पडल्यावर. इथचे लाकडाचे ट्रक वडशाच्या टेसनावर जातात, ते तुह्याच रस्त्यानं.

आन एक गोठ. आत यायच्या जागी दोन ओटे एकमेकाच्या पुढं-मागं घे, समोरासमोर नको. म्हंजे बाई वळून आत येईन, आन बाकावरच्या मानसाची नजर वळनार नाई.

गिरजाचं वाचून तुही वहिनी त्या दिवशी जेवली नाई. मी बी नाई.

बाकी ठीक. ओटा झाल्यावर लांबी कळव.

लटारू

॥ श्री ॥

आरमोरी
ता. २ मे १९५४

तीर्थरूप भाऊंस शि. सा. नमस्कार.

तुम्ही लिहिलंत त्याप्रमाणे ओटा उभा आहे. दोन तुकडे, मधे तुम्ही सांगितलेलं वळण. ते वळण मी स्वतः दहा वेळा चालून पाहिलं आणि प्रत्येक वेळी तुमचं कौतुक वाटलं. इथल्या मिस्त्रीलाही ते सुचलं नव्हतं.

विटांची चिंता होती. गिरणीमागे धान उकडायची जुनी भट्टी पडलेली आहे. तिच्या विटा न्या, असं गुणवंतराव म्हणाले, पण ओटा फरशीवर रचताना ते स्वतः काठी टेकत उभे राहिले. कुठे दगडाला पहार लागत नाही ना, हे बघत होते. एक टवका उडाला नाही. तरी जाताना म्हणाले, मुळं दगड फोडतात हे मी देवळांत पाहिलं आहे. मी म्हटलं, अडुळसा पिंपळ नव्हे.

आता गाळाचं ऐका. तळं आटलं आहे. रुखमाबाईंनी मोहल्ल्यातल्या बाया गोळा केल्या आणि मासोळ्यांच्या टोपल्यांतून गाळ आणायला सुरुवात केली. कोणी बोलावलं नव्हतं. सकाळी मासोळी विकून झाली की बाया रिकामी टोपली घेऊन तळ्यावर जात आणि भरून आणत. बाजारातली माणसं विचारत, हे काय चाललंय? रुखमाबाई सांगत, की आमच्या सुनाईसाठी पडदा पेरून राह्यलो. अकरा दिवसांत दोन्ही ओटे काठोकाठ भरले. पहिल्या दोन दिवसांत मी थकून बसले. त्या साठीच्या बाईचा पाय थांबला नाही. असं माणूस मी नागपूरच्या मोठ्या दवाखान्यातही पाहिलं नाही. फक्त ओट्याला मासोळीचा वास येतो आणि गावातली सगळी मांजरं तिथे मुक्कामाला आहेत.

आलेल्या बाया आतापर्यंत चार. चौघींनाही रुखमाबाईंनी स्वतः कोपऱ्यापासून आपल्या लुगड्याच्या आडोशानं आणलं.

एक मागणं आहे. तुम्ही माझ्या नावाआधी गं. भा. लिहिता. मी विधवा आहे हे मला रोज कळवायला नको. इथे सगळ्या मला नुसतं बाई म्हणतात. तुम्हीही तेवढंच लिहिलंत तर बरं वाटेल.

मृगाची वाट पाहते. माया आहे तेवढी तरी राहू द्यावी.

गोकुळा

॥ श्री ॥

आलापल्ली
ता. १९ जून १९५४

चि. गोकुळाबाईस लटारूचा आशीर्वाद.

दसरू डायवरच्या हाती दोन पोते काड्या पाठवल्या. धानाचं ओलं तनस गुंडाळलं हाये, त्याच दिवशी लाव. वीतभर काडी, दोन डोळे मातीत, एक वरत. दोन रांगा कर, एकीच्या मोकळ्या जागेपुढं दुसरीची काडी. हातानं माती दाब.

रुखमाबाईले माहा नमस्कार सांग. असे मानसं मातीपेक्षा जास्त कामाचे असतात.

भोकाईवर ध्यान ठेवजो.

लटारू

॥ श्री ॥

आरमोरी
ता. १४ ऑगस्ट १९५४

तीर्थरूप भाऊंस शि. सा. नमस्कार.

हे पत्र लिहायला लाज वाटते. अर्ध्याहून जास्त काड्या सडल्या.

दोष माझा. पहिल्या मोठ्या पावसात भोकांतून गढूळ पाणी रस्त्यावर वाहिलं आणि हॉटेलापुढे चिखल झाला. बिरजूभाऊ कुरकुरले. मला वाटलं, एवढ्या कष्टानं आणलेला गाळ वाहून चालला. मी मातीचे गोळे करून भोकं बुजवली. तुम्ही दोनदा लिहिलं होतं, तरी बुजवली. चार आठवडे झड लागली होती. काड्यांना आधी पानं फुटली म्हणून मी खूश होते. मग पानं काळी पडायला लागली. रुखमाबाईंनी कोपरापर्यंत हात घालून पाहिला आणि म्हणाल्या, की आत तळं होऊन राह्यलं बाई. एक काडी उपटली तर बुडखा हातात लिबलिबीत.

रुखमाबाई आणि त्यांच्या बायांना मी स्वतः जाऊन सांगितलं, की भोकं मीच बुजवली. त्यांतल्या एकीनंही दूषण दिलं नाही. हॉटेलात मात्र हसं झालं. बिरजूभाऊंना शेवाळाचं बोलणं पुन्हा आठवलं.

वरून विचारणा आली आहे, की महिन्यात किती प्रसूती. मी खरा आकडा कळवला. तो लहान आहे.

आता काय करू? पुढचं वर्ष धरू, की नाद सोडू?

गोकुळा

॥ श्री ॥

आलापल्ली
ता. २५ ऑगस्ट १९५४

चि. गोकुळाबाईस लटारूचे अनेक आशीर्वाद.

नाद काऊन सोडतं? पानी अजून महिनाभर हाये.

तुही चिठ्ठी मी दोनदा वाचली. चूक माही हाये, असं तू साफ लिहिलं. मी असतो तं पावसावर ढकललं असतं. साहेबापुढं मी बहुत वेळा ढकललं हाये. तुह्यात ही हिंमत कुठून आली मले मालूम नाई. आपल्या घरात तं कोनात नव्हती.

आता आयक. लोखंडाच्या सळईनं भोकं मोकळी कर. आतल्या बाजूनं प्रत्येक भोकापाशी वाटीएवढे कवेलूचे तुकडे आन वर मूठभर तनस दाब. पानी येईन, माती नाई येनार. हॉटेलापुढं रेतीच्या दोन टोपल्या टाक, त्याचं तोंड बंद होईन. सडल्या काड्या उपटून फेक, त्या जागची माती दोन दिवस उकरून ठेव. पोळा झाल्यावर दसरूच्या हाती नव्या काड्या येतील. या वेळी मुळं फुटलेल्या पाठवतो. पुढच्या वर्सासाठी मी डाकबंगल्यामांगं लावून ठेवल्या होत्या, त्या तुले आताच देतो.

झाडं गुडघ्याएवढी झाली का शेंडे खुडजो. तुले वाटन, वाढू द्यावं. पन निस्ती उंच वाढली तं खालून उघडी राह्यतील, आन बाकावर बसनारा मानूस खालूनच पाह्यते. खुड. कमरेएवढी झाली का पुन्हा खुड.

लटारू

॥ श्री ॥

आरमोरी
ता. ११ मे १९५५

तीर्थरूप भाऊंस शि. सा. नमस्कार.

संक्रांतीच्या पत्रात लिहिल्याप्रमाणे झाडं कमरेच्या वर गेली होती, खालपासून भरलेली. महिन्याला सात-आठ बाया येऊ लागल्या होत्या. वळणाच्या आत आल्या की त्या पदर मागे टाकतात आणि मोकळा श्वास घेतात. हे पाहायला तुम्ही हवे होता, असं माझ्या मनात रोज येतं.

पण आता घोर लागला आहे. चार दिवसांपासून मावळतीकडच्या ओट्यातली पानं दुपारी लोंबतात आणि संध्याकाळीही उभी होत नाहीत. विटेला हात लावला तर चटका बसतो. खालून फरशी तापते, बाजूनं वीट तापते, मुळं मधे भाजून निघतात. केंद्राच्या विहिरीचा तळ दिसतो आहे, ते पाणी बाळंतिणींना पुरत नाही. गिरणीची मोठी विहीर भरलेली आहे, पण तिच्यावर मालकाचं कुलूप आहे.

काय करायचं ते दसरूच्या हाती लगेच कळवावं. झाडं गेली तर बायाही जातील. आणि दिवाळी आता सहा महिन्यांवर.

गोकुळा

॥ श्री ॥

आलापल्ली
ता. १४ मे १९५५

चि. गोकुळाताईंस वहिनी कमळा हिचा आशीर्वाद. पत्र तुमची भाची आशा लिहीत आहे, मी सांगत आहे.

तुमचे भाऊ आठ दिवसांपासून खाटेवर आहेत. पाय सुजला आहे, उतार पडतो आहे, काळजी नको. तुमचं पत्र आलं तेव्हा ते उठून ट्रकवर चढायला निघाले. मी आणि आशानं धरून बसवलं. आता खाटेवरून सांगतात ते असं: विटांना बाहेरून शेण-मातीचा जाड लेप द्यावा, वर पांढरा चुना फासावा. ओट्यात वीतभर तनस अंथरावं, माती दिसू नये. पाणी दिवस उगवायच्या आधी द्यावं, थोडं थोडं नको, एक दिवसाआड पोटभर द्यावं. मावळतीकडे महिनाभर तट्टा टेकवावा. आणि लोंबलेल्या झाडाचा तिसरा हिस्सा कापून टाकावा, हळहळू नये.

आता हे माझं. त्यांना सांगू नका. मागच्या पोळ्यानंतरच्या काड्या डाकबंगल्यामागच्या म्हणून त्यांनी तुम्हाला लिहिलं. तिथे थोड्याच होत्या. बाकीच्यांसाठी ते भर पावसात तीन कोस नदीकाठच्या रानात गेले. पायाचं दुखणं तेव्हापासून आहे. आणि तुमची पत्रं ते पानाच्या डब्यात ठेवतात. लाकडाच्या डेपोवर ट्रकवाल्यांना वाचून दाखवतात, की माही बहीन दगडावर रान उभं करून राह्यली. दसरू तर म्हणतो, आरमोरीवरून जाताना सगळे गाडी हळू करतात.

सहा वर्षं त्यांनी या घरात तुमचं नाव काढू दिलं नव्हतं. जातीतले लोक काय म्हणतील याची त्यांना धास्ती होती. मीही गप्प बसले, त्याचा काटा मला आजही सलतो.

ताई, ओट्याचं काय झालं ते कळवा. इथे सगळ्यांचा जीव टांगणीला आहे, आशाचा तर फार.

आपली,
कमळा

॥ श्री ॥

आरमोरी
ता. २४ ऑगस्ट १९५५

तीर्थरूप भाऊंस व वहिनींस शि. सा. नमस्कार.

जूनमध्ये दोन ओळी पाठवल्या होत्या. आता सवडीनं सगळं लिहिते.

वहिनींचं पत्र दुपारी आलं. त्याच दिवशी रुखमाबाईंनी लेप कालवला. मी झाडं कापली. हळहळले, पण कापली. राहिलं पाणी. तिसऱ्या दिवशी सकाळी गुणवंतराव आले. खाली बसले, ओट्याच्या टोकाची एक वीट काढून आत हात घातला आणि बराच वेळ फरशी चाचपली. मुळं दगडावर पसरली होती, दगडात शिरली नव्हती. मग वीट होती तशी बसवली, धोतर झटकलं आणि विचारलं, की पाण्याचं कसं करता? मी सांगितलं, बाया घरून घागर-घागर आणतात. ते निघून गेले. मला वाटलं संपलं. तासाभरानं गिरणीच्या विहिरीचं कुलूप निघालं आणि ते स्वतः रहाटापाशी उभे. म्हणाले, माझ्या आईचं पाचवं बाळंतपण याच फरशीमागच्या खोलीत झालं, त्यातून ती उठली नाही. इतकंच बोलले. तेव्हापासून मी त्या माणसाबद्दल मनात काही वाकडं ठेवलेलं नाही.

मावळतीकडची नऊ झाडं गेली. बाकीची सगळी तगली. पावसानंतर अशी उसळली की आज माझ्या डोक्यावर वीतभर आहेत. पांढरी फुलं आली आहेत. रस्त्यावरून पडवी दिसत नाही, पडवीचं छप्पर तेवढं दिसतं. बिरजूभाऊ आता गिऱ्हाइकांना सांगतात, की हे झाडं माह्या नजरेखाली वाढले.

आणि मागच्या बाजारच्या दिवशी, भर सकाळी, गिरजा आली. तिचे सासरे बाकावरच होते. ती त्यांच्यासमोरून चालत आली, वळणावर वळली आणि दिसेनाशी झाली. या वेळीही मूल आडवं होतं. रुखमाबाईंनी पोटावर हात ठेवले, मी माझं काम केलं. दोघींचा घाम एकीच्या अंगावरून दुसरीच्या अंगावर गळत होता. दुपारी मुलगी झाली. रडली, चांगली खणखणीत. रुखमाबाई बाहेर गेल्या आणि त्यांनी बाकाजवळ जाऊन सासऱ्यांना सांगितलं, की पोट्टी झाली, दोघी बऱ्या हायेत. म्हातारा उभा राहिला आणि त्यानं हिरव्या झाडांकडे बघून हात जोडले. आत कोण आहे ते दिसत नव्हतं, म्हणून झाडांनाच जोडले असावे.

पायाला जपावं. वहिनींनी मला काही सांगितलेलं नाही, हे आधीच लिहून ठेवते.

तुमची,
गोकुळा

॥ श्री ॥

आलापल्ली
ता. १२ डिसेंबर १९५५

चि. गोकुळाबाईस लटारूचे अनेक आशीर्वाद.

केंद्र तिथीच राह्यनार, हे तुह्या कार्डानं समजलं. डेपोवर पेढे वाटले.

आता एक सांगाचं हाये. मांगच्या बुधवारी मी आरमोरीले आलो होतो. तुले भेटलो नाई.

सकाळच्या मोटारीनं उतरलो. झाडं दुरूनच दिसली. मी कित्तेक बगीचे पाह्यले बाई, साहेब लोकाईचे बी पाह्यले. इतकं भरलेलं कुंपन नाई पाह्यलं. ओट्यापाशी गेलो, भोकात बोट घालून पाह्यलं. मोकळं. खाली वाकून पाह्यलं, बुडापासून पानं. मंग वळनापाशी उभा राह्यलो आन पाय पुढं जाईना. आत बाया असतील. मी गडीमानूस. आन तुह्यापुढं कोन्या तोंडानं येऊ, हे बी होतं.

हॉटेलात जाऊन बाकावर बसलो. संध्याकाळच्या मोटारीपर्यंत बसलो. मधात आतून लेकरू रडल्याचं आयकलं. बाकावरचा एक जन म्हने, पोट्टा असन, दुसरा म्हने, पोट्टी असन. कोनी मान वर करून पाह्यलं नाई. पाह्याले काई नव्हतंच. हॉटेलवाल्यानं मले दुसरा चहा न मांगता आनून देला. भला मानूस हाये.

मी आलो होतो ते मांगन्यासाठी. आशा सातवी पास झाली, तिले सोळावं लागलं. लग्नाच्या दोन जागा सांगून आल्या. पोट्टी म्हनते, मले गोकुळाआत्यासारखं शिकाचं हाये. मी तिच्यावर वरडलो नाई. हे मी तुले मुद्दाम लिहून राह्यलो. मले तो नागपूरच्या गाडीचा दिवस आठवला. तू फलाटावर एकटी उभी होती, पेटी तूच उचलली. मी टेसनाच्या बाहेर बैलगाडीत बसून होतो, तुले मालूम नाई. हात द्याले उतरलो नाई. लोक काय म्हनतील म्हून नाई उतरलो. ते लोक आता कुठी हायेत, त्याईची मले नावं बी आठवत नाई.

आशाले तुह्या हाताखाली घे. तिथं वरीसभर काम पाहू दे, मंग नागपूरले पाठव. जातीतले कोनी बोलले तं मी उत्तर देईन. तुह्या वेळी द्याचं होतं, ते आता देतो.

नाई म्हनशीन तरी तुहा हक्क हाये.

तुहा भाऊ,
लटारू

॥ श्री ॥

आरमोरी
ता. १८ डिसेंबर १९५५

तीर्थरूप लटारूभाऊंस गोकुळेचा शि. सा. नमस्कार.

तो दुसरा चहा मी सांगितला होता. पाणी आणायला वळणापर्यंत आले तेव्हा तुम्हाला बाकावर पाहिलं. केस पांढरे झाले, तरी बसायची ढब तीच. आतली बाई कळांत होती, तिला सोडून येणं शक्य नव्हतं, म्हणून रुखमाबाईंच्या हाती बिरजूभाऊंना निरोप धाडला, की ते माझे भाऊ आहेत, त्यांना चहा द्या आणि कोणी पाठवला ते सांगू नका. बाळ झाल्यावर हात धुऊन मी पुन्हा वळणापर्यंत आले. तुम्ही ओट्याकडे बघत बसला होता. आणखी दहा पावलं टाकायची होती. खरं लिहायचं तर मलाही धीर झाला नाही. मोटार आली, तुम्ही चढलात. मी तशीच उभी होते.

बैलगाडीचं मला ठाऊक नव्हतं. ते वाचून मी काय केलं, ते लिहीत नाही.

आशाला संक्रांतीनंतरच्या पहिल्या बुधवारी घेऊन यावं. वहिनींनाही आणावं. आशासाठी तिसऱ्या खोलीत रुखमाबाईंनी आजच जागा सारवून ठेवली. त्यांनी बजावलं आहे, की तुह्या भाच्चीले पयले माह्याजवळ बसव, हात कसा ठेवावा ते मी शिकवन, पुस्तक मंग तू शिकवजो.

मोटारीतून उतरलात की हॉटेलाकडे वळायचं नाही. त्या दिवशी सकाळी मी वळणाच्या बाहेर, रस्त्यावर उभी असेन. आशाची पेटी आपण दोघं मिळून आत नेऊ.

माया वाढती असो.

तुमची बहीण,
गोकुळा